मूळव्याध घेऊन पुण्याला

अंबाजोगाईहून पुण्याची गाडी सुटली तेव्हा निम्म्या जागा रिकाम्या होत्या आणि मी दांड्याला धरून उभा होतो. पायाशी गोधडीत गुंडाळलेली पेटी. कंडक्टरनं दोनदा सांगून पाहिलं, "मास्तर, बसून घ्या की." मी म्हणालो, "बसलं की पाय आखडतात हो माझे."

पाय ठणठणीत होते. दुखणं दुसरीकडेच होतं. उन्हाळा लागल्यापासून शौचाला जायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. कळ यायची आणि नंतर लालभडक रक्त दिसायचं. मूळव्याध, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. बायकोला सांगितलं होतं, अंगात उष्णता वाढलीय. शाळेत संगीत शिकवणारा, सणासुदीला देवळात पेटी वाजवणारा माणूस हा शब्द चारचौघांत उच्चारणार तरी कसा?

बार्शीच्या पुढे एका बाईंनी आपल्या मुलाला मांडीवर घेऊन मला जागा करून दिली. एवढ्या आपुलकीला नाही म्हणता येईना. बसलो, दात आवळले आणि एका फाट्यावर उतरून पाय मोकळे करायच्या निमित्तानं पुन्हा उभा राहिलो. भिगवणच्या बाजूला दूरवर पाण्याची रुपेरी पट्टी दिसली, उसाचे हिरवे तुकडे दिसले, पण माझं सगळं लक्ष रस्त्यातल्या खड्ड्यांकडे होतं.

जाणं मात्र टाळता येण्याजोगं नव्हतं. नारायण पेठेतल्या वासंतीताई आणि मी एकाच गुरुजींचे शिष्य. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्यांचे यजमान श्रीधरराव गेले आणि त्यांनी तानपुऱ्यांवर गवसणी चढवली ती चढवलीच. आता रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात त्या पुन्हा गाणार होत्या. फोनवर म्हणाल्या होत्या, "पेटीला तूच ये. मी कुठे श्वास घेते ते तुला ठाऊक आहे. नाहीतर मी गात नाही."

हडपसरपासून गाड्यांचा जो लोंढा सुरू झाला तो पाहून मी चकित झालो. एवढी माणसं एकाच वेळी कुठे निघाली असतील? पण रिक्षा नारायण पेठेच्या गल्लीत शिरली आणि आवाज एकदम खाली आला. ताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, नव्या इमारतीत. गॅलरीतून समोरच्या खिडकीत कुणीतरी वाळत घातलेल्या कुरडया दिसत होत्या.

ताईंनी पोहे पुढे केले. मी बशी घेऊन गॅलरीच्या कठड्याशी उभा राहिलो. चहाही उभ्यानंच घेतला. त्या चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिल्या.

"रविवारी पेटीसुद्धा उभ्यानंच वाजवणार आहेस का?"

"नाही ताई, प्रवासानं जरा..."

"मूळव्याध आहे?"

बशी हातातून निसटता निसटता राहिली. त्यांनी तो शब्द 'साखर आहे?' म्हणावं इतक्या सहज विचारला होता. मी मान डोलावली.

"रक्त?"

पुन्हा मान डोलावली.

"कुणाला दाखवलंस?"

"त्यात दाखवायचं काय? गावाकडे म्हणतात ताक प्या, सुरण खा..."

ताई खुर्चीवर बसल्या. मग अगदी सपाट आवाजात म्हणाल्या, "यांनाही रक्त जायचं. आम्हीही मूळव्याधच समजलो. ताक झालं, सुरण झालं, नागकेशर लोण्यात कालवून झालं. हे मला म्हणायचे, कुणाला सांगू नकोस, बरं दिसत नाही. मी नाही सांगितलं. तपासलं तेव्हा आतड्याचा कर्करोग पार पसरला होता." चष्मा पुसत म्हणाल्या, "ताक मी तुला देईन रे. पण आधी दवाखाना."

संध्याकाळी आम्ही पायीच सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात निघालो. अभ्यासिकांमधून सुटलेली मुलं, फळांच्या गाड्या, फुटपाथ आपलाच समजून चाललेल्या स्कूटर. उभ्या आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो. श्रीधररावांच्या जागी मी स्वतःला पाहत होतो, आणि माझ्यामागे घरी कोण कोण आहे ते मोजत होतो.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी घरात असं कुणाला आहे का, वजन घटलंय का, शौचाच्या सवयीत बदल झालाय का, सगळं विचारलं. मग तपासलं. मी भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत होतो. मला वाटलं होतं, लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होईल. तसलं काही झालं नाही. तपासणी आटोपली तेव्हा त्या हात धूत म्हणाल्या, "मूळव्याधच आहे, आणि फार वाढलेली नाही. पण तुमचं वय पाहता एकदा दुर्बिणीनं आतडं तपासून घ्या, गावाजवळ कुठेही. रक्त दिसलं की अंदाज करत बसायचं नसतं."

"आणि घरगुती उपाय?" ताईंनी विचारलं.

"घरगुतीच तर मुख्य आहेत! शौचानंतर कोमट पाण्यात बसायचं. पाणी भरपूर, पालेभाज्या, साली-कोंड्यासकट धान्य, रात्री इसबगोल. कुंथायचं नाही. मोबाईल घेऊन आत बसायचं नाही. चालायचं. हे मलम लावा."

"सुरण?" मी विचारलं.

"आवडत असेल तर खा की. भाजी आहे, पोट साफ व्हायला मदत करेल. जादू समजू नका."

बाहेर आलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते आणि समोरचा नारळपाणीवालासुद्धा मला देखणा वाटत होता. ताईंनी पदरानं डोळे टिपले आणि लगेच म्हणाल्या, "चल, आता तालीम. बराच वेळ वाया घालवलास."

घरी येताच त्यांनी माळ्यावरून नातवाचा अंघोळीचा निळा टब काढला. त्यावर बदकं रंगवलेली. त्यात कोमट पाणी घालून बसलो आणि खरं सांगतो, डोळे आपोआप मिटले. आवळून धरलेलं सगळं अंग हळूहळू सैल होत गेलं. इतके दिवस मी काय काय करून पाहत होतो! चुरचुरणारं मलम, उष्णतेवर म्हणून कुणी दिलेल्या अनामिक पुड्या. आणि हे साधं पाणी प्रत्येक घरात होतं. दाराबाहेरून ताई सांगत होत्या, "पाणी कढत नको हं. भाजून घेशील."

दुसऱ्या दिवशी आम्ही धायरीला गेलो. तिथे श्रीधररावांचे जुने मित्र दामूअण्णा राहतात. गाव आता इमारतींनी वेढलंय. सिंहगड रस्त्यावरून आत वळलं की मजल्यांवर मजले, आणि मधेच अण्णांचं कौलारू घर, मागे भाजीपाला लावायचं परडं.

"या मास्तर! ताईनं फोनवर समदं सांगितलंय," अण्णा आल्या आल्या म्हणाले. माझा चेहरा पडला असावा. ते हसले. "लाजताय कशाला? मलाबी हाय. निम्म्या धायरीला हाय. बोलत न्हाई कुनी, एवढंच."

मग त्यांनी मला परड्यात नेलं, आणि मी जागच्या जागी खिळलो. वळवाचा पाऊस पडून गेलेल्या ओल्या मातीतून, एकही पान नसताना, थेट जमिनीतून एक प्रचंड फूल वर आलं होतं. परातीएवढं. काठ चुण्यांचे, रंग जांभळट काळा, मधोमध सुरकुतलेला मखमली गड्डा. वास मात्र मेलेल्या उंदराचा. माश्या घोंगावत होत्या.

"सुरणाचं फूल," अण्णा म्हणाले. "कंद काढायचा ऱ्हायला की कधीतरी येतं."

मी आयुष्यभर सुरण खाल्ला होता, हे कधी पाहिलं नव्हतं. नाकाला रुमाल लावून मी त्याच्याभोवती फिरलो. आजूबाजूच्या गच्च्यांवर कपडे वाळत होते, खाली मिक्सर ट्रक घरघरत होता, आणि मध्ये हे काहीतरी सृष्टीच्या आरंभीचं, कुणाची पर्वा न करता उमललेलं. वास लपवायची त्याला गरज वाटली नव्हती.

अण्णांनी साठवणीतला एक कंद दिला. घरी आल्यावर ताई देवापाशी होत्या, म्हणून उत्साहानं मीच तो सोलायला घेतला. हाताला तेल लावायचं असतं हे माहीत नव्हतं. थोड्याच वेळात दोन्ही हात असे खाजू लागले की मी स्वयंपाकघरात नाचायला लागलो. ताई धावत आल्या.

"अरे, त्या बोटांनी परवा पेटी वाजवायची आहे! एक दुखणं पुरेसं नव्हतं का?"

त्यांनी चिंचेच्या कोळात माझे हात बुडवले, मग खोबरेल चोळलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. श्रीधरराव गेल्यापासून त्यांना असं हसताना मी ऐकलं नव्हतं. आमसूल घालून शिजवलेली ती भाजी आम्ही दोघांनी ताकाबरोबर खाल्ली.

रविवारी माझं दुखणं संपलं नव्हतं, पण धार गेली होती. घडी घातलेल्या दुलईवर बसलो. सभागृह भरलेलं. ताईंनी तोडीचा षड्ज लावला आणि आवाज कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मान खाली घातली. मी पेटीवर नुसता षड्ज धरून ठेवला, हलू दिला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दीर्घ श्वास घेतला, आणि मग कोमल गंधार असा आला, इतका ओला आणि इतका खरा, की माझे हात क्षणभर सुरांवर तसेच राहिले. त्यानंतर मी वाजवलं की त्यांनी वाजवून घेतलं, सांगता येत नाही. एवढ्या दुःखातून असा सूर निघू शकतो, याचं नवल मला अजून वाटतं.

अंबाजोगाईला थोरले बंधू स्टँडवर न्यायला आले होते. पेटी उचलून स्कूटरवर ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "कसा झाला प्रवास?"

मी पुण्यातली सगळी हकिगत सांगितली. दवाखाना, टब, तपासणी, तो शब्द जसाच्या तसा. शेजारी पेपरवाला ऐकत होता. ऐको बापडा.

दादांनी स्कूटर सुरू केली नाही. किल्लीशी चाळा करत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मलाबी जातंय रे रक्त. लई दिवसांपासून."

आम्ही तसेच लातूरला गेलो. दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा माझं आतडं स्वच्छ निघालं. दादांच्या आतड्यात लहानशी गाठ होती. पुढे बिघडू शकली असती, म्हणून डॉक्टरांनी ती वेळीच काढून टाकली. घरी आल्यावर लोक भेटायला आले, काय झालं होतं विचारू लागले. मी म्हणणार होतो, पोट बिघडलं होतं.

दादा उशीला टेकून बसले होते. जन्मात मोठ्यानं न बोललेला माणूस. त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं, म्हणाले, "बसा. नीट सांगतो."