सहा मीटरचं खोटं

गिरमिटचा राग कानांपासून सुरू व्हायचा. आधी कान लाल, मग मान, मग तोंड सुटायचं. रस्त्याला भोकं पाडायचा धंदा, म्हणून नाव पडलं गिरमिट. बोलायला लागला की समोरच्याच्या डोक्यालाही भोक पाडायचा, म्हणून ते टिकलं. बावीस वर्षं त्यानं डांबर फोडलं होतं. गेली चार वर्षं तो त्या भोकांत चकत्या पुरत होता. तळहाताएवढी चकती, आत बॅटरी, वायर नाही की काही नाही. गाडी पहिल्या चकतीवरून गेली की ती खांबावरच्या पेटीला कळवते, दुसरीवरून गेली की दुसरी कळवते. दोघींमधलं अंतर पेटीत भरलेलं असतं. त्यावरून वेग निघतो, कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो आणि नोटीस घरी येते.

"माणूस खोटं बोलेल, माझी चकती बोलणार नाही," असं तो येता-जाता ऐकवायचा. जणू चकत्या त्याच्याच पोटच्या!

त्याची थोरली बहीण शाळेची बस चालवायची. सव्वीस वर्षं चालवत होती, तीही इतकी सावकाश की मुलं बसला कासव म्हणायची. आणि ताईला त्या नावाचा केवढा अभिमान! त्या ताईला शाळेजवळच्या वळणावर एका महिन्यात तीन नोटिसा आल्या. मर्यादा चाळीस, वेग अठ्ठेचाळीस. तिसरीला परवानाच अडकला. शाळेनं त्याच दिवशी बसची किल्ली काढून घेतली. सुनावणीत निकाल विरुद्ध गेला तर ती परत मिळणार नव्हती.

ताई तणतणत भावाच्या घरी आली. "मी अठ्ठेचाळीसनं? अरे, त्या बसला अठ्ठेचाळीसला धाप लागते!"

"ताई, वय झालं आता. पडला असेल पाय जड."

"पाय जड? माझा?"

"चकती खोटं बोलत नाही, ताई."

ताईनं चहा तसाच ठेवला आणि चपला घालून चालती झाली.

"उचलली जीभ, लावली टाळ्याला!" बायको कडाडली. "ते वळण तुम्हीच खणलंत ना? मग एकदा जाऊन बघा तरी."

तो गेला, पण बायकोचं तोंड बंद करायला. भर दुपारी रस्त्यात दोन अडथळे ठेवले आणि टेप लावली. पाच मीटर. पुसून पुन्हा लावली. पाचच. मग त्याची नजर शेजारच्या गटाराच्या झाकणावर गेली आणि त्याला आठवलं. सहा मीटरवर नेमकं हे झाकण येत होतं. लोखंडाजवळ चकती वेडीवाकडी वागते, म्हणून त्यानं दुसरी मीटरभर अलीकडे पुरली होती. नंतर सांगू म्हणाला आणि विसरला.

आणि फॉर्मवर काय? फॉर्मवर 'अंतर सहा मीटर' छापलेलंच असतं. दिवसभराच्या सगळ्या फॉर्मांवर सकाळीच सही ठोकल्याशिवाय गोदामवाला ड्रिल हातात देत नाही. भोक पाडायच्या आधीच ते मोजल्याची सही! सगळेच करतात, गिरमिटही करायचा. पेटी बिचारी सहाच धरून बसली होती. चाळीसनं गेलेली प्रत्येक गाडी तिथे अठ्ठेचाळीसची ठरत होती.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेप हातात तशीच घेऊन तो ऑफिसात घुसला.

साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं. "उद्यापासून पेटीत पाच टाकू. विषय संपला."

"आणि आधीच्या नोटिसा?"

"त्या गेल्या. आता उकरून काढल्या तर शहरातल्या प्रत्येक चकतीकडे लोक बोट दाखवतील." साहेबानं फॉर्म त्याच्याकडे फिरवला. "आणि सही कोणाची आहे ही?"

"माझी! सकाळी आठची. भोक पाडलं साडेअकराला. सहीशिवाय ड्रिल नाही, हा नियम कोणी काढला? चोर सोडून संन्याशाला फाशी देताय आणि वर मला सही दाखवताय?"

"हे लेखी दिलंस तर नोकरी जाईल."

"जाऊ दे खड्ड्यात! खड्डे पाडायची सवय आहे मला."

बाहेर कारकुनाच्या टेबलावर त्यानं उभ्यानंच सगळं लिहून काढलं. साहेबाचा राग होता, गोदामवाल्याचा होता, पण सगळ्यात जास्त राग स्वतःच्या उजव्या हाताचा येत होता. त्याच हातानं खाली सही केली, शिक्का मारून घेतला आणि नक्कल घेऊन तो तडक ताईकडे गेला.

ताईच्या खिडकीतून शाळेची बस जाताना दिसायची, म्हणून ती पडदा ओढून बसली होती. तिनं कागद दोनदा वाचला.

"सुटलीस तू, ताई," तो म्हणाला. "सुनावणीत एवढा कागद दाखव, बास. किल्ली परत मिळेल."

"मिळेल." तिनं कागदाची नीट घडी घातली. "एक सांग. टेपनं सहा दाखवलं असतं तर? माझाच पाय जड ना?"

गिरमिटचे कान लाल झाले, मान लाल झाली. तोंड मात्र सुटलं नाही.