झेंडा कोणी लावला, हे विचारणारे गजभिये सर

नंदनवन वस्तीतील आमच्या शाळेत मी रुजू झाले, तेव्हा माझा विषय मराठी असूनही वेळापत्रकात माझ्या नावापुढे सातवीचा इतिहास लिहिलेला होता. मी गोंधळून शिक्षकांच्या खोलीत बसले होते. समोर इतिहासाचे ज्येष्ठ शिक्षक श्री. शामरावजी गजभिये वह्या तपासत होते. त्यांनी मान वर करून विचारले, "बाई, देश स्वतंत्र कसा झाला, हे तुम्हाले पहिल्यांदा कोणी सांगितलं?"

"वडिलांनी," मी म्हणाले.

"त्या गोष्टीत तुमची आई होती का?"

नव्हती. त्या संध्याकाळी मी वडिलांना विचारले, तेव्हा आई काय करत होती? ते आठवू लागले, तोच स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "प्रभातफेरीत गाणं मीच सांगत होते. आज इचारून राहिले सारे!"

सर म्हणत, देशाच्या जन्माची गोष्ट ऐकूनच मुलाला आपण कोण हे कळते. तीत आपले माणूस सापडले नाही, की ते मूल मनातल्या मनात मागच्या बाकावर जाऊन बसते. हा विचार त्यांना किती महागात पडू शकत होता, ते मी जवळून पाहिले.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा शाळेने नाटिका बसवायचे ठरवले. बेचाळीस साली खाप्याजवळच्या एका खेड्यात चावडीवर तिरंगा लागला होता. तो लावणारे भैय्याजी हे आमच्या संस्थेच्या चिटणिसांचे काका. नाटिका चिटणिसांनीच लिहिली होती, आणि प्रमुख पाहुणे भैय्याजीच होते. तालमी सरांकडे होत्या. झेंड्याचे कापड कुठले, शिडी कोणाची, हे विचारायला सर मला घेऊन रविवारी त्या गावी गेले.

भैय्याजींनी आम्हाला आत बसवले. मग म्हणाले, "गुरुजी, इचाराले आलेले तुम्ही पहिलेच. झेंडा म्या नाही लावला गा. वर चढला तो तुळशीराम विणकर. म्या खालून शिडी धरून होतो. तो निसटला, म्या सापडलो. सहा महिन्यांनी सुटून आलो, तं लोकांनी हार घातले. दोन-तीनदा सांगून पाहिलं, कोणी ऐकेना. मग सांगणंच सोडलं."

तुळशीराम वारले होते. गावाबाहेरच्या, आता बौद्ध झालेल्या वस्तीत त्यांच्या पत्नी सखूबाई एकट्या राहत होत्या. परतताना एस.टी.त मी म्हटले, "सर, नाटिका बदलायला हवी."

"मी बदलली तं लोक म्हणतील, गजभियेनं आपल्या समाजाचा माणूस घुसवला. ज्यानं शिडी धरली, त्यानंच सांगावं."

हे चिटणिसांच्या कानावर गेलेच. मुख्याध्यापकाची जागा त्याच वर्षी रिकामी होणार होती आणि तिच्यावर सरांचा हक्क होता. चिटणिसांनी तेवढीच आठवण करून दिली. सरांनी नमस्कार केला आणि पुढच्या रविवारी पुन्हा ते खेडे गाठले. भैय्याजींना ते एवढेच म्हणाले, "नाटिका शिडीपाशी थांबवतो. पुढचं तुम्ही सांगा, नाहीतर नका सांगू."

कार्यक्रमाच्या दिवशी मुले शिडीपाशी थांबली. भैय्याजी उठले. चिटणीस खाली पाहत होते. भैय्याजींनी खरे ते सगळे सांगितले. मग तिसऱ्या रांगेत सरांच्या घरच्यांसोबत बसलेल्या सखूबाईंकडे वळून म्हणाले, "उठ वं सखू. तुह्या धन्याचा झेंडा आहे, तूच चढव."

सखूबाईंनी दोरी ओढली. काहीतरी बोला, असा आग्रह झाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या दिवशी निसटून घरी आला, तं त्याचं धोतर फाटलं होतं. काहून फाटलं, ते म्या कोणाले सांगितलं नाही." सभागृह उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने विचारले, "सर, मग आधीची गोष्ट खोटी होती का?"

"खोटी नाही, बाळा, अपुरी होती. भैय्याजी तुरुंगात गेले, तेही खरंच."

त्या वर्षी सर मुख्याध्यापक झाले नाहीत. चार वर्षांनी झाले, तेव्हा त्यांचे नाव सुचवणारे तेच चिटणीस होते. मधल्या काळात सरांच्या तोंडून मी एकही कडू शब्द ऐकला नाही.

त्यांच्या मायेबद्दल काय सांगावे? माझे यजमान टायफॉइडने दीड महिना अंथरुणावर होते, तेव्हा माझे तास सर परस्पर घेत राहिले. मी आभार मानायला गेले, तर म्हणाले, "तुमचा वर्ग छान आहे हो. परत देऊ का नको, विचार करून राहिलो."

आज सर साठ वर्षांचे होत आहेत, आणि त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघत आहे. सक्करदऱ्याच्या तलावाकाठी रोज पहाटे ते भराभर चालतात, आणि वाटेत भेटेल त्या म्हाताऱ्याला बोलते करतात. त्यांच्या गुडघ्यांना असेच बळ लाभो, घरात नातवंडांचा कलकलाट वाढो, आणि पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी आम्हा साऱ्यांना पुन्हा लेखणी उचलावी लागो. एवढेच मागते, की तोवर त्यांच्यासोबत चालताना आम्हालाही धाप लागू नये.