माझ्या नावाचा दगड

कोर्टाच्या दारात माणूस तारखेला जातो आणि किस्से घेऊन घरी येतो. तारीख पुढं जाते, किस्से मात्र जिथल्या तिथं साचत राहतात, ज्वारीच्या कणगीसारखे. आता कणगी भरली, म्हणून थोडी सांडते.

तर ऐका. आटपाट नगर नव्हतं, आटपाट कोर्ट होतं, अंबाजोगाईचं. त्याच्या आवारात एक कडुलिंब. लिंबाखाली आमी तिघं: टेम्पोवाला रहीमचाचा, त्याचा डावा हात ट्रकनं नेलेला, सुंदरा, तिचा खुबा जीपनं मोडलेला, आणि मी गयाबाई, घाटनांदूर रोडच्या कडेच्या गावातली, पाय मोटारीनं चेंगरलेली. तिघांच्या अपघाताच्या केसी, तिघांची वकिलीणबाई एकच. रहीमचाचा म्हणायचा, "आपण तिघं मिळून एक साबूत माणूस होतो बे!"

*

माझा पाय कसा गेला ते आधी सांगते.

डोक्यावर माळव्याची, वांग्या-मेथीची पाटी घेऊन मी बाजाराला निघालेली. रस्त्याच्या कडेनं, बाभळीच्या सावलीतून. तेव्हा नव्या मोटारी लई निघाल्या होत्या. ज्याच्या-त्याच्या दारात डिश अँटेना आणि मोटार. एका ठेकेदाराची तसली पांढरी, कोरी करकरीत मोटार मागून आली आणि मी पाटीसकट खड्ड्यात!

गाडी थांबली. पोरंसोरं धावली. कुणीतरी म्हणालं, "मालक, म्हातारीला गाडीत घाला, दवाखान्यात न्या."

ठेकेदार आतूनच म्हणाला, "रक्त लागंल. शिटा नव्या हायती."

माझं तोंड रक्तानं माखलेलं, पदर डोळ्यावर आलेला. पण कान शाबूत होते. मी खड्ड्यातनंच ओरडले, "आरं, प्लास्टिक काढलं न्हाईस ना अजून शिटावरचं? फडक्यानं पुसून घे की!"

गाडी निघून गेली. मला उसाच्या टेम्पोतनं नेलं. उसाला कुठं शीट असतं!

*

आता गावाची अक्कल ऐका.

तो बाजाराचा दिवस. रस्त्यावर रक्त सांडलेलं, त्यावरून माणसं कशी जाणार? म्हणून बायकांनी घागरी आणून रस्ता धुतला. सडा टाकला. जागा वाईट म्हणून पुरुषांनी बाभळीखाली एक दगड बसवला, त्याला शेंदूर फासला. तोवर कुणीतरी बातमी आणली, गयाबाई गेली. झालं, दगडाला माझं नाव पडलं. "गयाबाईचा दगड!"

दुसऱ्या दिवशी जमादार पंचनाम्याला आला.

"अपघात कुठं झाला?"

"हितं, साहेब."

"हितं?" त्यानं टोपी काढली. "हितं तर देऊळ हाय!"

रक्त नाही, चाकाचा माग नाही, फुटलेली काच नाही. सगळं लख्ख सारवलेलं. मोटार कुणाची ते आख्ख्या गावाला ठाऊक, पण ठेकेदाराचं नाव घ्यायला एक तोंड उघडेना. त्याला पंचायत समितीचं तिकीट पाहिजे होतं, कोण वाकडं घेणार? कागदावर लागलं, "अज्ञात वाहन".

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते. बायांनो, अपघाताच्या जागी झाडू नका मारू. आधी जखमीला उचला, मग गाडीचा नंबर बघा, मग पोलिसाला येऊ द्या. सडा उद्या टाकला तरी लक्ष्मी रुसत नाही!

*

दवाखान्यात गुडघ्याखालचा पाय कापला. कुबडीवर परत आले, तर माझ्याच दगडापुढं उदबत्ती!

मी बोंब मारली. "आरं, मी जिती हाय की! उचला तो धोंडा!"

गावातले म्हातारे आप्पा कान खाजवत म्हणाले, "गयाबाई, तू जिती हायस हे लई चांगलं झालं. पर बसवलेला देव उठवता येत न्हाई."

पाटी घेऊन बाजार आता होणार नव्हता. लेक परळीच्या स्टेशनावर हमाली करायचा, सून शांता दोन लेकरांत अडकलेली. घर माझ्या पाटीवर चालायचं. मी विचार केला, देव उठत नाही ना? मग मी तरी कावून उठू? बाभळीखाली पोतं अंथरलं आणि बसले नारळ विकायला. ट्रकवाले, टॅंकरवाले थांबायचे, माझ्याकडून नारळ घ्यायचे आणि मलाच फोडायचे.

सुरुवातीला, कंटाळा येईस्तोवर, मी प्रत्येकाला सांगायची, "बाबा, ही बाई मेली न्हाई, मीच ती."

ते म्हणायचे, "बरं बरं आजी. सुट्टे देता का?"

*

वकिलीणबाईनं केस घातली ती ठेकेदारावर आणि त्याच्या विमा कंपनीवर. पोरगी तिशीच्या आतली, पण जीभ विळ्यासारखी. लिंबाखाली बसून तिनं आमाला समजावलं, "आजी, गाडीला विमा काढायलाच लागतो. तो मालकासाठी न्हाई, तुमच्यासाठी असतो. गाडीनं ज्याला उडवलं त्याला भरपाई कंपनी देते. ही भीक न्हाई, हक्क हाय."

रहीमचाचा म्हणाला, "कंपनी देती, तर मालक कावून भितो?"

"तिकीट कटंल म्हणून," ती म्हणाली. "त्यानं लिहून दिलंय, त्या दिवशी त्याची मोटार औरंगाबादला होती."

म्हणजे सगळा खेळ एवढ्यावर आला. मोटार इथं होती हे शाबीत झालं तर माझ्या पायाची भरपाई, नाहीतर "अज्ञात वाहन".

*

रहीमचाचाचा किस्सा सांगितला नाही तर तो कबरीतनं उठून येईल.

त्याला उडवणाऱ्या ट्रकमालकाचा माणूस एकदा लिंबाखाली आला. बरोबर पेढे, थम्सअपची बाटली आणि कोरा कागद. "चाचा, कायको कोर्ट-कचेरी? खाली अंगठा उठवा. वरचं आमी लिहून घेऊ."

चाचानं थम्सअप संपवलं. पेढा खाल्ला. एक मला दिला, एक सुंदराला दिला. मग विचारलं, "अंगठा कुठल्या हाताचा लागतो?"

"गडीमाणसाचा डावा."

चाचानं रिकामी बाही हलवली. "वो तो तुमारे टायर के नीचे रह गया. जा, तिथनं उठव!"

माणूस पेढ्यांचा पुडा विसरून गेला. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही, हे मी तेव्हा शिकले. पेढे मात्र घ्यावेत.

*

सुंदराची उलटतपासणी सुरू होती. समोरचा वकील जाड चष्म्याचा, त्याला घाई लई.

"बाई, तुम्ही नोकरी करत होता?"

"न्हाई."

"धंदा?"

"न्हाई."

"म्हणजे घरीच बसून होता. मग खुबा मोडल्यानं नुकसान काय झालं?"

सुंदरा शांतपणे म्हणाली, "साहेब, उद्या पहाटं आमच्या वाड्यावर या. म्हशीची धार काढा, शेण उचला, आडातलं पाणी शेंदा, वीस भाकरी थापा. दुपारपर्यंत बसून सांगा नुकसान काय झालं ते. पर जपून हां, म्हस परक्याला लाथ मारती!"

जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवला. "वकीलसाहेब, जाणार का?"

वकील म्हणाला, "पुढचा प्रश्न नाही."

*

एका अमावास्येला माझ्या पोत्यापुढं एक तरुण ड्रायव्हर आला. नाव बब्रुवान. मी सांगायचं सोडलं त्याच्या नंतर हा दर अमावास्येला यायला लागला, आणि नारळ फोडायच्या आधी दगडापुढं नाक घासायचा. इतरांसारखा घाईत नसायचा.

मी सहज विचारलं, "कावून रं, इतका कशाला भितोस या दगडाला?"

इकडं तिकडं बघून तो खाली बसला. "आजी, कुणाला सांगू नका. हितं माझ्या हातनं एक म्हातारी गेली. मालक मागं बसलेला, नवी गाडी, शिटावर प्लास्टिक. मी थांबलो होतो, आईशपथ. मालक म्हणला, हाण गाडी. मी हाणली. तवापासनं झोप न्हाई. नारळ फोडला की चार दिवस बरं वाटतं."

खरं सांगते, नारळ त्याच्या डोक्यातच घालावा वाटलं. हात उचललाही होता. पण त्याचे डोळे बघितले आणि नारळ त्याच्या हातात दिला.

सकाळी पहिल्या एस्टीनं वकिलीणबाईकडं. ती ऐकून खुर्चीतनं उठलीच. "आजी, कुणाला काही बोलू नका. औरंगाबाद सांगायला मालक ह्यालाच साक्षीला आणणार हाय. त्याच्या नावाची नोटीससुद्धा मालकानंच घेतली, केस कुणाची ते ह्याला धड ठाऊक न्हाई. हे त्याच्या तोंडूनच आलं पाहिजे."

*

तारीख आली. ठेकेदार पुढच्या बाकावर, खादी कडक, कपाळाला अष्टगंध. मी मागं खांबाआड. बब्रुवान पिंजऱ्यात. देवाशपथ झाली.

समोरच्या वकिलानं विचारलं, "त्या दिवशी गाडी कुठं होती?"

खाली मान घालून तो म्हणाला, "औरंगाबादला."

झालं. ठेकेदारानं मिशीवरून हात फिरवला. शांताची लेकरं डोळ्यापुढं उभी राहिली.

आमची वकिलीणबाई उठली. ती ओरडली नाही, की कागद आपटले नाहीत. म्हणाली, "गयाबाई, पुढं या."

मी कुबडी टेकत पुढं गेले. ती बब्रुवानला म्हणाली, "ह्यांना ओळखता?"

"ओळखतो की!" त्याचा चेहरा उजळला. "ह्या नारळवाल्या आजी. आजी, तुमी हितं कशा?"

"ह्यांचा पाय कशानं गेला, ठाऊक हाय?"

"न्हाई बा. कधी विचारलं न्हाई."

मला राहवलं नाही. म्हणाले, "बब्रुवान, नारळ इकणारी बी मीच, अन् नारळ घेणारी बी मीच! खड्ड्यात पडली ती म्हातारी मीच हाय. मेले न्हाई."

त्यानं माझ्या पायाकडं बघितलं. कुबडीकडं बघितलं. मग दोन्ही हातांनी पिंजऱ्याची लाकडं धरली आणि ढसाढसा रडायला लागला, आणि रडता रडता हसायला लागला.

"जिती हाय! साहेब, म्हातारी जिती हाय! माझ्या गाडीखाली मेली न्हाई! मालक, बघा, जिती हाय!"

मालकानं डोळे मिटून घेतले.

जज्जसाहेब टायपिस्टला म्हणाले, "जसंच्या तसं घ्या. 'माझ्या गाडीखाली' हे शब्द सोडू नका."

*

भरपाई झाली. शांताच्या नावानं बाभळीपासून दहा पावलांवर पत्र्याचं दुकान झालं, त्याला शटर. लेकानं हमाली सोडली. मला जयपूरचा पाय बसला. ठेकेदाराला तिकीट मिळालं नाही. बब्रुवान आता टॅंकरवर आहे, परळीच्या वीजकेंद्राची राख वाहतो.

पुढच्या अमावास्येला तो दुकानापुढं थांबला. नेहमीसारखा नारळ घेतला. दगडाकडं दोन पावलं गेला, थांबला. माझ्याकडं दोन पावलं आला, थांबला. नारळ हातात तसाच.

"आजी," तो म्हणाला, "आता फोडू कुठं?"

"दगडालाच फोड बाबा," मी म्हणाले. "मला आता बाकीची कामं हायती. अन् वाट्या शांताकडं दे, चटणी करायची हाय."