मताधिकार आन् माझी धाकटी जाऊ

शाळंची पायरी मी पैल्यांदा चढले ती मत द्यायला. लगीन होऊन सासरी आल्यावर. आमच्या गावात मतदान शाळंतच असतं. तवा चाकनकडं एवढ्या कंपन्या न्हवत्या, जिकडंतिकडं कांद्याची रानं. रांगंत माझ्या पुढं माझी धाकटी जाऊ व्हती. ती चौथी शिकलेली. तिनं पेन घेतला, झोकात सही केली, आन् टेबलामागचा मास्तर म्हनला, "वा, छान!" मग माझा नंबर आला. त्यानं मला इचारलंबी न्हाई. माझा हात धरला, अंगठा शाईवर दाबला, कागदावर दाबला आन् सोडून दिला. बैलाचा खूर धरून नाल मारत्यात, तसं.

त्या दिवसापासनं मला तिचा हेवा वाटाया लागला. लई सालं झाली, अजून वाटतो. आता या वयात लपवून काय करू?

माझा मालक लवकर गेला. पदरात दोन पोरं. मार्केटात कांदा निवडला. पुढं रान कंपनीला गेलं, तर त्याच कंपनीच्या क्यांटीनला भांडी घासली. रडत बसले न्हाई, रडून भांडी निघत न्हाईत. जावंचा मालक पगारी मानूस, तिला कदी दुसऱ्याच्या दारात जावं लागलं न्हाई. पन तिच्या लुगड्याचा, पंख्याचा मला कदी हेवा वाटला न्हाई. वाटला तो तिच्या वाचन्याचा. ओट्यावर बसून पेपर वाचायची, वाचता वाचता हसायची. म्या इचारलं, काय गं? तर म्हनायची, "काय न्हाई आक्का, आसंच." माझं कायबी टपाल आलं की तीच वाचून सांगायची, मायेनं सांगायची. पन मला काय आलंय ते माझ्या आधी तिला ठाऊक व्हायचं. ते मला सोसायचं न्हाई.

मागल्या साली शाळंत मोठ्या मानसांचा वर्ग निघाला. शिकवायला गावातलीच एक सून, डीएड झालेली. आमी तिला बाई म्हनायचो. म्या नाव घातलं, तर जाऊ म्हनली, "आक्का, एकल्या कुटं जाताय? मीबी येते. माझ्याकडं तरी कुटं दाखला हाय?" झालं. तितंबी ती माझ्या शेजारी, आन् माझ्या पुढं. माझं 'क' धड उभं राहीना, तवा ती पाटीभर लिवून मोकळी.

मनात एकच धरलं व्हतं. परीक्षंत एकदा, एकदाच, तिच्या पुढं जायचं.

एक दिवस बाईंनी फळ्यावर शब्द लिवला. मताधिकार. मतदान मला ठाऊक व्हतं, हे नवीन. बाई म्हनल्या, "आजी, दान करायला आधी आपलं काहीतरी असावं लागतं ना? ते जे आपलं असतं, तो मताधिकार." इलायतेत म्हनं त्याच्यापायी बाया तुरुंगात गेल्या. आपल्याकडं देश स्वतंत्र झाला आन् बाप्यांना मिळाला तवाच बायांनाबी मिळाला. पन याद्या करायला मानसं दारोदार फिरली, तवा कितीतरी बाया परक्या मानसाला नावच सांगंनात. अमक्याची बायको लिवा, तमक्याची आई लिवा. वरनं हुकूम आला, असं चालायचं न्हाई, बाईचं सोताचं नाव पायजे. ज्यांनी न्हाईच सांगितलं, त्यांची नावं यादीतनं कापली.

जाऊ खळखळून हसली. "काय येड्या बाया गं! नाव सांगाया काय जातंय?"

समदा वर्ग हसला. मला हसू आलं न्हाई. माझी आई तसलीच व्हती. तिला कोनी नाव इचारलं की पदर तोंडाशी न्यायची. मला तिचं नाव कळलं ते ती मेल्यावर, तलाठ्याच्या कागदावर. तेबी मला वाचता येत न्हवतं, तलाठ्यानं वाचलं. म्या म्हनलं, व्हय का? हे नाव व्हतं का तिचं?

जाऊ हसली ते माझ्या आईला हसली, असं मनानं घेतलं. तिला काय ठाऊक? पन घेतलं.

त्या रातीपासनं तो शब्द म्या गिरवला. चुलीपुढं राखंत, ओल्या फरशीवर बोटानं. आठ दिवस.

परीक्षा रविवारी व्हती. सकाळी जाऊ माझ्या ओट्यावर उजळनी करत बसली. घाम आला म्हनून चष्मा काडून ठिवला, तेवढ्यात तिच्या सुनंनं हाक मारली, दूध उतू गेलं. ती पळाली. चष्मा तसाच. म्या त्याच्याकडं बघितलं. मग तांदूळ निवडायचं सूप व्हतं, ते त्याच्यावर पालथं घातलं. घराला कडी लावली आन् शाळंत गेले.

जाऊ मागनं धापा टाकत आली. "आक्का, माझा चष्मा बघितला का? घर पालथं घातलं."

"न्हाई," म्या म्हनलं.

तिनं माझा लावून बघितला. मोतीबिंदूनंतरचा माझा, तिला त्यातनं कायबी दिसंना. म्हनली, "यातनं तर बाई भुतं दिसत्यात."

पेपर वाटले. तिनं कागद नाकाशी धरला, लांब धरला, मग माझ्याकडं सरकली. "आक्का, वाचा की जरा. मुंग्या लागल्यात नुसत्या."

बाई म्हनल्या, "वाचून दाखवा आजी, चालेल. उत्तर मात्र त्यांचं त्या देतील."

मी वाचाया लागले. एकेक अक्षर धरून. जल्मात पैल्यांदा मी वाचत व्हते आन् ती ऐकत व्हती. छाती भरून आली, आन् त्याच छातीत सुपाखालचा चष्माबी व्हता. म्या वाचलं, म-ता-धि-का-र म्हंजी काय?

तिनं इचार केला न्हाई, कायबी न्हाई. "मत द्यायचा हक्क. बाप्याला तेवढाच बाईला. आन् त्याला आपलं नाव आपन सांगावं लागतं." असं म्हनून अंदाजानं ओळ वाकडीतिकडी लिवूनबी टाकली.

आठ दिवस गिरवलेलं माझं. माझ्या कागदावर निम्मंच उतरलं.

घरी येताना वाटंत जो भेटंल त्याला सांगत सुटली, "आज आक्कांनी वाचलं म्हनून मी सुटले, न्हाईतर भोपळाच व्हता." पिठाच्या गिरनीत सांगितलं, शिफ्टवरनं येनाऱ्या पोरांना सांगितलं. माझं कौतुक करायला तिला कायबी जड जात न्हवतं. तिचं एक अक्षरबी चांगलं म्हनायला माझी जीब कदी वळली न्हाई. त्याचाबी मला हेवाच वाटला.

ओट्यावर आलो. म्या सूप उचललं.

"अगं बया! हितं? मीच ठिवला आसंल. डोकंच चालंना आता."

गप बसले असते तर चाललं असतं. पन म्या म्हनलं, "तू न्हाई. म्या झाकला."

तिनं चष्मा डोळ्याला लावला आन् माझ्याकडं बघत राहिली. "कशापायी?"

"एकदा तुझ्या पुढं जायचं व्हतं."

"मग? गेलात का?"

"न्हाई."

ती उठली आन् तिच्या घरात गेली. चार दिवस ओट्यावर फिरकली न्हाई. पाचव्या दिवशी आली, पेपर माझ्या मांडीवर टाकला आन् भिंतीला टेकून बसली. "वाचा. आजपासनं तुमीच वाचायचं, मी ऐकनार."

ही शिक्षा हाय का माया, म्या इचारलं न्हाई. रोज वाचते. ती डोळं मिटून ऐकती आन् दर ओळीला चूक काडती.

"आक्का, 'प्रभाग' म्हना, 'परभाग' न्हवं."

लई राग येतो. वाचते.