अर्धवट ऐकलेली किडनी

मूत्रपिंडाच्या वॉर्डात उभा जन्म घालवलेल्या नर्सबाई घरातलं कपाटसुद्धा किडनीसारखंच आवरायच्या. आधी सगळं बाहेर, मग कामाचं तेवढं परत आत.

"किडनी साखर, मीठ, पाणी सरसकट गाळते. मग तिच्या नळ्या हवं ते रक्तात परत ओढून घेतात," हे नवरोबांना दरवेळी ऐकावं लागे.

यंदा नवरोबांनी आपला बंद पडलेला रेडिओ आधीच पलंगाखाली दडवला. जे गाळणीत पडलंच नाही ते बाहेर जाणार कसं, म्हणून स्वारी खुशीत होती.

कपाट लावून झालं. बाईंनी वाकून रेडिओ ओढला आणि थेट दारातल्या भंगारवाल्याच्या पोत्यात घातला.

"गाळणीला चुकवून रक्तातच राहिलेला कचरा त्याच नळ्या मागाहून वेचून बाहेर ढकलतात," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही दरवेळी अर्ध्यातच उठून जायचात."