शंकुण्णी कुरुपाचे चार काळे

शंकुण्णी कुरुप माझ्या थोरल्या बहिणीचा, कार्त्यायनीचा नवरा. तो मला अळिया म्हणायचा आणि मीही त्याला अळियाच म्हणायचो. आमच्याकडे मेहुणे एकमेकांना अशीच हाक मारतात. आम्हा कुरुपांचं घराण्याचं काम कळम काढण्याचं. भगवतीच्या कावात, म्हणजे देवराईतल्या देवळात, सारवलेल्या जमिनीवर, रंगीत पुडींनी तिचं बारा हात लांब चित्र काढायचं. तो चित्र काढायचा, मी शेजारी बसून नंतुणीच्या दोन तारा छेडत तिची गाणी म्हणायचो. सकाळपासून काढलेलं चित्र दिवेलागणीनंतर पुसलं जायचं. कोमरमच्या, म्हणजे देवीच्या भगताच्या, अंगात देवी यायची, आणि तो तलवार हातात घेऊन नाचत नाचत पायांनी ते मिटवायचा.

रंग पाचच. तांदळाच्या पिठाचा पांढरा, हळदीचा पिवळा, हळदीत चुना कालवून लाल, पाल्याचा हिरवा, आणि भाताचं तूस जाळून केलेला काळा. बाकीचे कुरुप तूस कढईत टाकून जाळायचे, कुटायचे, झालं. काळ्याला काय अक्कल लागते, असं त्यांचं म्हणणं. शंकुण्णी मात्र काळ्याच्या चार करवंट्या ठेवायचा. मडक्याचं तोंड मातीने लिंपून जाळलेल्या तुसाचा काळा निळसर पडायचा, मोराच्या मानेसारखा. उघड्यावर जाळलेला साधा काळा. अर्धवट भाजून ओढून काढलेल्या तुसाचा धुरकट, तपकिरीकडे झुकलेला. आणि चौथा त्यात पीठ मिसळून केलेला, राखेच्या रंगाचा. हे चारही तो अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून असे सोडायचा की सपाट जमिनीवर गाल वर यायचा आणि डोळा खोल जायचा.

त्याच्या मामाला हे पसंत नव्हतं. "पाच रंग सांगितलेत. हे बाकीचे कुठून उपटलेस?"

"पाचच आहेत, अम्मावा. काळा एकच, फक्त तो किती जळलाय तेवढं बघायचं," शंकुण्णी म्हणायचा.

स्वातंत्र्य येऊन वर्ष व्हायचं होतं. गावात तांदूळ नव्हता आणि मेलेप्पाट या जमीनदार घराच्या कोठारात भात पोत्यांनी भरलेलं होतं. एका सकाळी त्या कोठाराच्या भिंतीवर कोळशाने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं सापडलं: भात बाहेर काढा, नाहीतर आम्ही काढू. मेलेप्पाटचा कारभारी कोरप्पन नायर त्याच दिवशी शिपायांना घेऊन वस्तीत आला. हा कोरप्पन म्हणजे आडवा माणूस; जाड मिशा, डाव्या कानाखाली लिंबाएवढं आवाळू, चालताना मान त्या बाजूला कललेली.

शंकुण्णी अंगणात तूस कुटत होता. हवालदाराने त्याला हात पुढे करायला लावले. कोपरापर्यंत काळे.

"हे काय?"

"तूस जाळतो, साहेब. देवीच्या कळमासाठी."

"देवी भिंतीवर लिहिते काय रे?"

शिपाई हसले. शंकुण्णीने कोरप्पनकडे पाहिलं. या माणसाला त्याचं काम माहीत होतं. कावातल्या कळमाचा खर्च मेलेप्पाटच करत असे. कोरप्पन म्हणाला, "मला काय माहीत? काळे हात काळेच दिसतात." अंगणातलं कुटलेलं सगळं तूस त्याने पायाने उधळलं, आणि शंकुण्णीला दोरी लावून नेलं. त्याच दोरीला पुढे चेक्कू बांधलेला होता. चेक्कू मेलेप्पाटचं शेत कसणारा, बावीस-तेवीस वर्षांचा, आमच्या कावातल्या कोमरमचा, चामीचा, सख्खा भाचा. लिहिलं होतं त्यानेच.

पोलिसांच्या तळावर काय झालं ते शंकुण्णीने मला एकदाच सांगितलं. पहिल्या दिवशी त्याचा उजवा हात दगडावर ठेवून बंदुकीच्या दस्त्याने अंगठा आणि तर्जनी चेचली. "लिहितोस ना, आता लिही." हाड फुटल्याचा आवाज ऐकू आला, दुखणं मागाहून आलं. पण त्याच्याकडून फार काही निघणार नाही हे त्यांना लवकर कळलं. मग त्यांनी चेक्कूला धरलं. उलटा टांगून तळपायांवर, मग पाठीवर, मग तोंडावर. कोरप्पन रोज यायचा, बाकावर बसायचा आणि कोणाकोणाची नावं विचारायची ते हवालदाराला सांगायचा. चेक्कूने एकही नाव घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी कोरप्पनने स्वतः काठी घेतली.

"खिडकीतून उजेड त्याच्या तोंडावर पडायचा," शंकुण्णी म्हणाला. "पहिल्या दिवशी गाल लाल होता. दुसऱ्या दिवशी मोरमानी. मग धुरकट. शेवटी राख. मी नको नको म्हणत बघत होतो, अळिया, आणि माझं डोकं रंग मोजत होतं. मला माझीच किळस आली."

चेक्कू तापाने गेला, असं सांगण्यात आलं. प्रेत घरच्यांना दिलं नाही. शंकुण्णीला चार महिन्यांनी सोडलं. त्याची दोन बोटं लाकडासारखी ताठ, आतल्या बाजूला वळलेली.

तो अंगणात बसून डाव्या हाताने पूड सोडायला शिकला. आधी सरळ रेघ, मग वळण. कार्त्यायनी पेज घेऊन यायची, ती थंड व्हायची. मकर महिन्यात मेलेप्पाटहून निरोप आला की दरवर्षीप्रमाणे कळम काढायचं आहे. माझी बहीण भडकली.

"ज्यांनी हात मोडला त्यांच्या पैशाने देवी काढणार तुम्ही?"

"देवी त्यांची नाही."

"मग आजारी आहे म्हणून सांगा. हा बसेल तुमच्या जागी," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"याला नाक काढता येत नाही," शंकुण्णी म्हणाला, आणि तूस जाळायला उठला. चारही करवंट्या भरल्या.

कळम भद्रकाळीचं, भगवतीच्या उग्र रूपाचं, होतं. तिला आठ हात, छातीला उठाव द्यायला भाताच्या राशी, एका हातात दारिकासुराचं तोडलेलं मुंडकं. एरवी दारिकाचं तोंड सगळे सारखंच काढतात: बटबटीत डोळे, सुळे, सपाट काळा रंग. शंकुण्णीने ते शेवटी घेतलं आणि त्याला दुपारची संध्याकाळ केली. मी गात होतो. गाता गाता माझी नजर तिकडे गेली आणि माझी ओळच चुकली. जाड मिशा. कानाखाली आवाळू. मान डावीकडे कललेली. एक गाल लाल, त्यावर निळसर काळा, कडेला धुरकट, आणि डोळ्याभोवती राख. कोरप्पनच्या तोंडावर चेक्कूचा मार काढला होता.

"अळिया, पूस ते," मी हळूच म्हणालो.

"तू गा," तो म्हणाला.

दिवे लागले तसे लोक आत आले. आधी कोणीतरी श्वास ओढला, मग कुजबूज पसरली. चेक्कूची आई पुढे आली, बराच वेळ बघत उभी राहिली, आणि गुडघ्यांवर बसली. चेंडे, आमच्याकडचे ढोल, वाजायला लागले. चामी लाल वस्त्र नेसून, तलवार घेऊन, घुंगरू वाजवत कळमाभोवती फिरू लागला. अजून त्याने चित्रावर पाऊल ठेवलं नव्हतं.

कोरप्पन मेलेप्पाटच्या माणसांबरोबर उशिरा आला. त्याला वाट मिळाली, कारण लोक बाजूला सरत होते. त्याने खाली पाहिलं. त्याचा हात आपोआप कानाखाली गेला. मग तो चपलांसकट कळमावर चढला. भगवतीच्या पोटावरून, छातीवरच्या भाताच्या राशी विस्कटत, तो त्या मुंडक्यापाशी गेला आणि टाच घासून घासून ते पुसू लागला. "कुत्र्या," तो शंकुण्णीला म्हणाला, "दुसरा हातही मोडायला हवा होता."

चामीच्या तलवारीचा पहिला वार त्याच्या खांद्यात बसला. कोरप्पन वळला, चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य. दुसरा मानेत. तो तोंडावर पडला, आणि रक्त इतकं आलं की पांढऱ्यात, पिवळ्यात, काळ्यात ओघळ फुटून सगळ्याचा चिखल झाला. मेलेप्पाटची माणसं काठ्या घेऊन धावली, वस्तीतल्यांनी खांबाचे बांबू उपटले. एकाचं डोकं फुटलं, एकाचा हात मोडला, बायका चेंगरल्या. या सगळ्यात चामी तिसऱ्यांदा तलवार उचलत होता. शंकुण्णीने त्याला मागून मिठी मारली. "पुरे, चामी. मेलाय तो." ताठ बोटांमुळे त्याला नीट धरताही येत नव्हतं.

खटल्यात चामी म्हणाला, देवीने मारलं, मला काही आठवत नाही. शंकुण्णी न बोलावता उभा राहिला आणि म्हणाला, शिक्षा मला द्या, ते तोंड मी काढलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, चित्र कुठे आहे? चित्र नव्हतं. वकील हसले, त्याला खाली बसवलं. चामीला जन्मठेप झाली.

त्यानंतर बारा वर्षं शंकुण्णीने कळम काढलं नाही. चामीच्या बहिणीचं, म्हणजे चेक्कूच्या आईचं, शेत आम्ही दोघं कसत होतो. एकदा नांगर थांबवून मी त्याला विचारलं, "ते तोंड काढलंस तेव्हा तुला नेमकं काय हवं होतं?"

"लोकांना दाखवायचं होतं, असं मी सगळ्यांना सांगतो," तो म्हणाला. "खोटं आहे. मला त्याचं मुंडकंच हवं होतं. फक्त ते चामीच्या हातून आलं, आणि तुरुंगात तो गेला."

चामी सुटून आला तेव्हा दात गेले होते, कंबर वाकली होती. आमच्या ओसरीवर काळी कॉफी पिता पिता तो म्हणाला, "कुरुपा, एक सांगायचंय. त्या दिवशी माझ्या अंगात कोणी आलं नव्हतं. मी घरूनच धार लावून निघालो होतो. तुझं चित्र मी धड पाहिलंही नाही."

शंकुण्णी म्हणाला, "हे बारा वर्षांपूर्वी सांगायचंस."

"कोर्टात सांगितलं असतं तर फाशी होती."

"मला सांगायचंस."

"तू भेटायला यायचास, मान खाली घालून बसायचास. वाटलं, काहीतरी धरून बसलाय, राहू दे त्याच्याजवळ." चामीने पेला खाली ठेवला. "आणि कोरप्पनचा पाय कळमावर तुझ्या चित्रामुळेच पडला, हेही खरंच. एवढ्या जवळ तो मला दुसरीकडे कुठे सापडला नसता."

कार्त्यायनी दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि भांडी आपटत राहिली.

पुढच्या मकरात शंकुण्णीने परत कळम काढलं, डाव्या हाताने. चारही काळे वापरले. भगवतीच्या केसांत, पदराच्या चुण्यांत, भुवयांखाली. दारिकाचं मुंडकं त्याने मला काढायला लावलं. ते जेमतेमच जमलं.

"बरं झालंय," तो म्हणाला. "कोणासारखंच दिसत नाही."

अजून नऊ वर्षं त्याने काम केलं. शेवटी तुसाच्या धुराने छाती भरली आणि थुंकीसुद्धा काळी पडायला लागली. वैद्याने धुरापासून लांब राहायला सांगितलं. त्याने ऐकलं नाही.