हातावरचं दही

समोरच्या घरातल्या मुलीची आज परीक्षा असावी. तिच्या आईने दारातच तिच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. मुलीने ते घाईघाईने चाटलं आणि हात ओढणीला पुसत ती जिना उतरून पळाली. या दूरच्या शहरात बोली वेगळी, पण दही तेच. कामाला निघालेला मी जिन्यातच थांबलो.

आजी नव्वदी ओलांडून गेली. एवढ्या आयुष्यात आमच्या घरातून जो बाहेर पडला, तो तिच्या हातचं दही खाऊनच. आजोबा बैलबाजाराला, आत्या सासरी, काका कोर्टाच्या तारखेला. मी नववीतच शाळा सोडून इकडे कामाला निघालो, तेव्हा घरात कुणी माझ्याकडे धड बघत नव्हतं. आजी मात्र वाटी घेऊन आली. "पास झालेल्यांनाच दही असतं व्हय रं? हात कर पुढं."

त्या एका चमच्यावर मी इथे टिकलो, असं अजून वाटतं.

गेल्या महिन्यात ती गेली. मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेव्हापासून एकच गोष्ट मला आतून खात होती. आज दुपारच्या सुट्टीत आईला फोन केला आणि धीर करून विचारलं, "आजीच्या हातावर कुणी दही ठेवलं होतं का गं?"

आई म्हणाली, "ते परत येणाऱ्याला देतात रे, बाळा."

संध्याकाळी त्या मुलीच्या चपला जिन्यात वाजल्या, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.